रोप कुठून आलं?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीत गेल्या मे महिन्यात एक कडुनिंब पडला. वादळ म्हणावं असं काही नव्हतं. दहा मिनिटं धूळ उडाली, चार थेंब पडले, लाईट गेली. लाईट आली तेव्हा झाड समोरच्या काकांच्या स्कूटरवर आडवं झालेलं होतं. सात वर्षांचं झाड, पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेलं. दुपारी भाजीवाला त्याच्याच सावलीत गाडी लावायचा. माणसं जमली. कोणी ड्रेनेजच्या खोदकामाला दोष दिला, कोणी म्हणालं हल्लीच्या झाडांत दमच नाही. मी बुंध्याकडे गेलो.

मुळं म्हणून जे जमिनीतून उपटून आलं होतं ते जेमतेम घागरीएवढं. एका बाजूला दोन-तीन आडवी मुळं पळालेली, ती तुटली होती. मधलं सोटमूळ खाली गेलंच नव्हतं. ते स्वतःभोवती अडीच वेढे घालून बसलं होतं, चकलीसारखं, आणि दोन वेढ्यांच्या खाचेत काळ्या प्लास्टिकची एक चिंधी अडकलेली. सात वर्षं पाणी पिऊन, पानं फुटून, निंबोळ्या धरूनही ते झाड पिशवीच्या बाहेर पडलं नव्हतं.

त्याला माती लोटतानाचा एक फोटो कॉलनीच्या ऑफिसात अजून टांगलेला आहे. त्यात मी आहे, काका आहेत, हार घातलेले पाहुणे आहेत. पिशवी ब्लेडने उभी चिरली आणि रोप खड्ड्यात ठेवलं, एवढं आठवतं. कोणी मुळं पाहिल्याचं आठवत नाही. मला तेव्हा मुळांत काय पाहायचं असतं तेच ठाऊक नव्हतं.

ते कळलं स्वीडनमध्ये, आणि तेही आडवळणाने. पिथमपूरच्या कारखान्यातून मला दोन वर्षांसाठी गोथेनबर्गला पाठवलं होतं. काम गिअरबॉक्सचं; झाडांशी संबंध नाही. पण आमच्या टीममधल्या एका पन्नाशीच्या सहकाऱ्याकडे वडिलोपार्जित चाळीस हेक्टर जंगल होतं. तिथे याचं नवल कुणाला नाही. देशाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल, त्यातलं जवळजवळ निम्मं तीन लाखांवर खासगी मालकांच्या नावावर. आपल्याकडे ऑफिसातल्या एखाद्याचं देवासकडे सोयाबीनचं शेत असतं, तसं त्यांच्याकडे स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांचं, जंगल. त्याने चार हेक्टरवरचं उभं लाकूड विकलं होतं आणि आता तिथे पुन्हा लागवड करायची होती. करायची होती म्हणजे करावीच लागणार होती: तोडलंत तर पुन्हा जंगल उभं करा, हा कायदा तिथे १९०३ सालचा आहे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो पुढच्या वसंतातली रोपं सांगायला निघाला होता. म्हणाला, येतोस का, तीन तासांचा रस्ता आहे.

नर्सरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपल्या बायपासवरच्या नर्सऱ्या आल्या: गुलाबाच्या कुंड्या, पाम, पाटीवर 'यहाँ सभी प्रकार के पौधे मिलते हैं'. तिथे पोहोचलो तर समोर दहा-बारा फुटबॉलची मैदानं पसरावीत तसा हिरवा गालिचा. जवळ जाऊन पाहिलं तर लांबच लांब ट्रे आणि त्यांत वीतभरही नाहीत अशी रोपं. खरं सांगायचं तर मला ती शेपूची भाजी वाटली. वर्षाला दोन कोटी रोपं, असं आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी सांगितलं. मी मनातल्या मनात इंदूरला भागून पाहिलं. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर वीस लाखांच्या किंचित आत होतं, म्हणजे दर माणशी दहा. ही एक नर्सरी. सगळ्या स्वीडनची मिळून वर्षाला सुमारे ४० कोटी रोपं, आणि लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर.

आकड्यांनी मी दबलो नाही. आकडे आपल्याकडेही दणदणीत असतात, त्याबद्दल पुढे बोलूच. मी थबकलो तो त्या बाईंनी ट्रेमधून एक रोप ओढून काढलं तेव्हा. त्यांनी ते शेंड्याकडून दाखवलंच नाही. उलटं धरलं. बोटभर लांबीची, कुल्फीसारखी निमुळती मातीची वडी आणि तिच्या अंगावर वरून खाली सरळ उतरलेली पांढरी मुळं, विंचरल्यासारखी. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: पानं कुठेही येतात, आम्ही विकतो ते हे.

त्या ट्रेची गंमत समजून घेण्यासारखी आहे, कारण आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाचं मरण तिथेच उलगडतं. प्रत्येक खाच्याच्या आतल्या भिंतीला उभ्या कडा असतात. मूळ भिंतीला टेकलं की ते गोल फिरायला पाहतं. कड आडवी येते आणि त्याला खाली वळवते. खाली तळ उघडा. ट्रे जमिनीवर ठेवतच नाहीत, स्टँडवर अधांतरी असतो. मुळाचं टोक तळातून बाहेर डोकावलं की कोरड्या हवेने सुकतं, आणि शेंडा खुडल्यावर तुळस जशी बगलेतून फुटते तसं ते मूळ वरून नव्याने फुटतं. कात्री नाही, माणूस नाही, नुसती हवा. रोप जमिनीत गेलं की ही थांबलेली सगळी टोकं एकदम चारी बाजूंना सुटतात. उलट गुळगुळीत, बंद तळाच्या पिशवीत मूळ तळाशी पोहोचतं आणि जागा नाही म्हणून फिरत राहतं. लाकूड झालं की त्या वळणाला सरळ करणारं कोणी नाही.

आणखी एक गोष्ट तिथे पाहिली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुपारचे चार वाजलेले, ऊन लख्ख, आणि एका मोठ्या हरितगृहावर आपोआप काळे पडदे सरकायला लागले. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात रात्र नावालाच असते, रोपं वाढतच राहतात, आणि कोवळी असतानाच थंडी गाठते. म्हणून काही आठवडे त्यांना खोटी रात्र दाखवतात. रोपाला वाटतं हिवाळा आला. ते वाढ थांबवतं, शेंड्यावर कळी बांधतं, खोड कडक करतं. शरदात कोंबांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून पाहतात, थंडी सोसायला तयार झालेत का. मगच रोपं खोक्यांत भरून उणे चार अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात, थेट वसंतात बाहेर काढायला. म्हणजे रोपाला वाढवणं जितकं महत्त्वाचं तितकंच त्याला वेळेवर थांबवणं. तयार मालाचं माप तिथे उंचीत घेत नाहीत. गळ्याशी, म्हणजे मातीलगत, खोड किती जाड आहे, आणि खालची वडी हलवल्यावर फुटते का, हे पाहतात.

सहकाऱ्याची ऑर्डर घेताना टेबलावरच्या माणसाने विचारलं, जमीन कुठे आहे? गावाचं नाव पुरलं नाही. अक्षांश, समुद्रसपाटीपासून उंची, माती ओली की कोरडी. मग कुठल्या बीजबागेतलं बी त्या जागी चालेल ते संगणकाने सुचवलं. बीजबागा म्हणजे उत्तम झाडं निवडून, त्यांची कलमं लावून मुद्दाम बियांसाठी वाढवलेल्या बागा; तिथे त्या १९४० च्या दशकापासून आहेत. बियाही तशाच उचलून पेरत नाहीत. भिजवून, थोड्या सुकवून पाण्यात सोडतात. जिवंत बी पाणी धरून ठेवतं आणि बुडतं, मेलेलं लवकर सुकून तरंगतं. आपल्याकडे मिठाच्या पाण्यात भाताचं पोचट बी तरंगवून काढतात, त्या युक्तीचीच ही चुलत बहीण. माझ्या सहकाऱ्याला हवी होती आठ-नऊ हजार रोपं, हेक्टरी दोन हजारांवर या हिशेबाने, आणि प्रत्येक रोपाचा बाप कोण हे त्याच्या पावतीवर छापून येणार होतं. खोडाला वाळूचं चिलखतही मागवलं त्याने. तोडलेल्या जंगलात एक भुंगा कोवळ्या रोपांची साल कुरतडतो, संरक्षण नसलं तर निम्म्याहून जास्त रोपं खातो; म्हणून खोडाच्या खालच्या भागावर गोंदात कालवलेल्या बारीक वाळूचा थर देतात. कीटकनाशक फवारण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं आता ठरलं आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, झालं, परदेशात दोन वर्षं काढली की आपलं सगळं वाईट दिसायला लागतं. तेव्हा हेही सांगून टाकतो: ती नर्सरी म्हणजे काही तपोवन नाही. लाकडाच्या कारखान्याचं ते पहिलं दुकान आहे. एकाच वयाची, एक-दोनच जातींची झाडं, ओळीत, साठ-सत्तर वर्षांनी एकदम सपाट करण्यासाठी. उत्तरेत रेनडिअर पाळणारे सामी लोक या सपाटीकरणाविरुद्ध भांडत आले आहेत, कारण त्यांच्या जनावरांचं हिवाळ्यातलं खाणं, दगडफूल, जुन्या जंगलातच टिकतं. स्वीडनमधले जीवशास्त्रज्ञही यावर कडक बोलतात. मला त्यांचं जंगल इंदुरात आणायचं नाही. त्यांची नर्सरीची वही आणायची आहे.

कारण आपल्याकडे झाडांवरचा सगळा वाद खड्ड्यापासून सुरू होतो. किती लावली, किती जगली, किती कापली. खड्ड्याच्या दीड वर्ष आधी काय झालं यावर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

आता आपले आकडे. २ जुलै २०१७ रोजी मध्यप्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत ६ कोटींहून अधिक रोपं लावल्याचं सरकारने जाहीर केलं. १४ जुलै २०२४ रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर 'एक पेड माँ के नाम' मोहिमेत चोवीस तासांत १२ लाखांहून अधिक रोपं लागली आणि गिनीजचं प्रमाणपत्र मिळालं. दर सेकंदाला सुमारे चौदा. त्या दिवशी जे लोक आईचं नाव घेऊन तिथे राबले त्यांच्या भावनेची टिंगल मी करणार नाही. माझ्या ओळखीचे काहीजण सत्तरीत गुडघेदुखी घेऊन गेले होते. इंदुरात माणसं गोळा करणं कधीच अवघड नव्हतं. मी फक्त तो आकडा उलटा वाचतो. एका पिशवीत दीड किलो माती धरली तर १२ लाख पिशव्यांची अठराशे टन माती. एवढ्या बिया कोणीतरी कुठल्यातरी झाडाखालून वेचल्या असणार, वाफ्यात टाकल्या असणार, निदान वर्षभर पाणी घातलं असणार. एका शहराला एका दिवशी एवढी रोपं हवी असतील तर त्याने आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बियांची यादी करायला हवी. कुठल्याही शहराच्या बजेटात 'पुढच्या वर्षीच्या रोपांचं बी' असं कलम तुम्ही पाहिलंय का? मी शोधतो आहे.

मग रोपं येतात कशी? मेच्या अखेरीस निविदा निघते, जूनमध्ये ट्रक येतात. निविदेत जात लिहिलेली असते आणि उंची लिहिलेली असते. चार फूट, पाच फूट, सहा फूट. महूकडच्या एका नर्सरीतले म्हातारे माळीदादा मला म्हणाले, "बाबूजी, साहब को ऊँचा माल चाहिए. फोटो में दिखना चाहिए ना." त्यांनी जे सांगितलं ते मी स्वीडनमध्ये उलट्या बाजूने पाहिलं होतं. पाच फुटी रोप लहान पिशवीत वाढवायचं तर ते दोन-दोन वर्षं त्याच पिशवीत कोंबून ठेवावं लागतं. वर शेंडा पाच फूट, खाली मुळांची चकली. मोठ्या पिशवीत बदली करायची तर माती, मजुरी, वाहतूक सगळं वाढतं, आणि निविदा तर सगळ्यात कमी दराला सुटते. म्हणजे उंचीची अट घालून आपणच खराब मुळांची ऑर्डर देतो. माळीदादांनी एक पिशवी फाडून दाखवली, एक तशीच ठेवली. फाडलेली सप्तपर्णीची होती. तळाशी मुळांची घट्ट चुंबळ. "ये लगेगा भी, चलेगा भी," ते म्हणाले, "बस आँधी में मत देखना." मला आमचा कडुनिंब आठवला.

यात काळ्या मातीची भर पडते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वर-वरची मुळं ती ओढून तोडते. जे सोटमूळ पहिल्या दोन पावसांत खाली मुरमापर्यंत पोहोचलं तेच टिकतं. म्हणून इथे रोपाचं सोटमूळ हीच मिळकत, आणि नेमकं तेच आपण पिशवीत गमावतो.

जातींचंही तेच. लावायला मिळतात त्या जाती नर्सरीच्या सोयीने ठरतात. गुलमोहर, काशीद, सप्तपर्णी पटकन उगवतात, पटकन उंच होतात. कोनोकार्पस तर इतका पटकन की गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घालेपर्यंत तो शहराशहरांत पसरला होता. उलट माळव्याची आपली झाडं नर्सरीवाल्याची परीक्षा पाहतात. निंबोळी काही आठवड्यांत निकामी होते. पडल्या पडल्या पेरली तरच. मोहाचं बीही तसंच, साठवणीला नाराज. सागाचं बी उलटं, इतक्या कडक कवचाचं की आळीपाळीने भिजवून-वाळवून त्याची मनधरणी करावी लागते. सलईच्या बिया कमी उगवतात, तिची फांदी लावलेली बरी. धावडा, तेंदू, चारोळी, बिजा, अंजन. यांची रोपं जूनमध्ये निविदा काढून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी आदल्या वर्षी माणूस रानात पाठवावा लागतो, योग्य आठवड्यात. म्हणून आपल्या वृक्षारोपणांच्या याद्या वाचल्या की लग्नाच्या केटरिंगचा मेन्यू वाचल्यासारखं होतं. सगळीकडे तेच, कारण तेच तयार मिळतं.

आणि हे ज्ञान आपल्याला परदेशातून आणायचं नाही. स्वीडनचा कायदा १९०३ चा. केरळातल्या निलंबूरला सागाची लागवड १८४० च्या दशकात उभी राहिली. सुरुवातीला सागाचं बी उगवतच नव्हतं. मलबारचे कलेक्टर कोनोली यांच्या हाताखाली चात्तू मेनन यांनी ते उगवून दाखवलं, आणि त्या लागवडीतली काही झाडं आजही उभी आहेत. आपल्या वन विभागाचा जुना वनरक्षक तुम्हाला सागाचा 'स्टम्प' दाखवील: वर्षाच्या रोपाचं अंगठ्याएवढं जाड मूळ, वर खोडाचा इंचभर तुकडा, पानं शून्य. पहारीने भोक पाडून ते खुपसायचं. दिसायला जळणाची काडी, पण पावसात दणक्यात फुटते. जबलपूरला यावर काम करणाऱ्या दोन-दोन संशोधन संस्था आहेत, एक राज्याची, एक केंद्राची. एवढं सगळं घरात असून पाहुण्यांच्या हातात ती काडी कोणी देत नाही. तिच्याबरोबर फोटो येत नाही ना.

आता पाण्याचा हिशेब, कारण माझ्या मित्रांचा पहिला आक्षेप तोच असतो. ते म्हणतात, नर्सरीचं राहू दे, खरी अडचण नंतरच्या पाण्याची आहे. बरोबर आहे, पण या दोन अडचणी वेगळ्या नाहीत. एका रोपाला आठवड्याला दहा लिटर धरा, नोव्हेंबर ते मध्य जून म्हणजे ३२ आठवडे: ३२० लिटर. १२ लाख रोपांना एका कोरड्या हंगामात ३८ कोटी ४० लाख लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरच्या जवळपास ७७ हजार फेऱ्या, आणि अशी निदान दोन-तीन वर्षं. 'मालव धरती गहन गंभीर, पग पग रोटी डग डग नीर' हे आपण अजून म्हणतो, पण आपल्या नळाला येणारी नर्मदा ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणावी लागते. त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरला विजेचं बिल आहे. वाकड्या मुळाचं रोप हे पाणी सात वर्षं पितं आणि मग स्कूटरवर पडतं. सरळ मुळाचं, मूळच्या इथल्या जातीचं, दीड फुटी रोप दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात स्वतःचं पाणी स्वतः शोधायला लागतं. नर्सरीत वाचवलेला रुपया टँकरवर दहापट जातो, हे कुठल्याही किराणा दुकानदाराला कळेल.

इंदूरच्या माणसाला मी हे पटवायला बसलो की मला एक सोय आहे. २०१७ पासून आपण देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलो. ते काय एका दिवसाच्या महास्वच्छतेने झालं? एका रविवारी लाख झाडू घेऊन विक्रम केला असता तर प्रमाणपत्र मिळालं असतं आणि मंगळवारी कचरा परत आला असता. गाडी रोज सकाळी दारात येते, गाणं वाजतं, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि ती कुठे जाते याचा माग ठेवला जातो. कचऱ्याच्या बाबतीत आपण मूळ धरलं, म्हणजे तो कुठे तयार होतो तिथून सुरुवात केली: स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांपासून. झाडांच्या बाबतीत तेच शहर आरंभशूर का होतं, हे मला कळत नाही. पी हळद आणि हो गोरी हा हिशेब आपण कचऱ्याला लावला नाही, तो झाडांना लावतो.

नवलखा चौराह्यावरून जाताना मला हे दरवेळी टोचतं. तिथे कधीकाळी नऊ लाख झाडं होती म्हणून ते नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. मोजली कोणी असतील असं वाटत नाही. आकड्याची हौस आपली जुनीच म्हणायची. पुढे तिथे बसस्टँड झाला, आणि नावात नऊ लाख राहिले.

कायद्याने काय होईल? मध्यप्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ चा कायदा आहे. तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. जंगलजमीन दुसऱ्या कामाला गेली तर पर्यायी वनीकरणासाठी २०१६ च्या कायद्याखाली पैसा जमा होतो. या सगळ्याचा सूर भरपाईचा आहे: एक तोडलं, बदल्यात दहा लावा. दहा कोणती, कुठल्या बियांची, कुठल्या मुळांची, हे कोणी विचारत नाही, म्हणून दहा हा आकडा परवडतो. माझ्या सहकाऱ्याला स्वीडनमध्ये 'एकाला दहा' असं कोणी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं, तोडल्यापासून तिसरं वर्ष संपायच्या आत लागवड झाली पाहिजे आणि तिथे जंगल उभं राहिलं पाहिजे. रोपं मेली तर तुझ्या खर्चाने पुन्हा लाव. एवढं म्हटल्यावर रोप निवडताना तो आपोआप चोखंदळ झाला. आपल्याकडे रोप मेलं तर कोणाच्या खिशाला चाट बसते? ज्याने पुरवलं त्याचं बिल जुलैतच निघालेलं असतं.

म्हणून माझी मागणी अगदी कोरडी आहे, तिच्यावर मोर्चा निघणार नाही. शहराने आपली रोपं दीड-दोन वर्षं आधी सांगावीत. निविदेतून उंची काढावी आणि गळ्याची जाडी व मुळांची तपासणी घालावी. शंभरात पाच पिशव्या फाडून पाहाव्यात, चकली दिसली तर ट्रक परत. रोपाबरोबर बियांचं गाव यावं. पुरवठादाराच्या बिलाचा काही भाग तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत अडकवून ठेवावा. आणि या सगळ्याची वही उघडी असावी, कचऱ्याच्या गाडीचा माग दिसतो तशी. असं केल्यावर कदाचित १२ लाखांऐवजी ६० हजारच रोपं मिळतील पहिल्या वर्षी. चालेल. मला तर वाटतं, ६० हजारही जास्त होतील; एवढ्या बिया वेचायला माणसं शोधण्यापासून सुरुवात आहे.

'मग लोकांचा उत्साह जाईल' असं आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी म्हणतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. वृक्षारोपणाला शाळेची मुलं येतात, हात मातीत जातात, त्यातली दोन-चार पुढे खरंच झाडांकडे वळतात. पण मुलांना खड्ड्याशीच का न्यायचं? निंबोळी वेचायला न्या. मैना आणि बुलबुल गर खाऊन ज्या झाडाखाली बिया टाकतात तिथे जूनमध्ये धुतल्यासारख्या निंबोळ्या मिळतात, मुलांचं अर्ध काम पाखरांनीच केलेलं असतं. पिशवी भरणं, पेरणं, दहा-बारा दिवसांनी पहिला कोंब मातीचं झाकण उचलतो ते पाहणं. याहून मोठा तमाशा मला तरी माहीत नाही.

आम्ही तेच केलं. पडलेल्या झाडाची जागा यंदा रिकामी ठेवली, त्यावरून कॉलनीत दोन बैठका तापल्या. काका सगळ्यात जास्त चिडले. त्यांचं म्हणणं, स्कूटर माझी गेली, निदान सावली तरी लवकर द्या, पाच फुटी आणा. शेवटी गणपती मंदिरामागच्या जुन्या, माझ्या आजोबांच्या वेळेपासूनच्या कडुनिंबाखालून मुलांनी निंबोळ्या वेचल्या. उघड्या तळाचे उंच खाच्यांचे ट्रे मिळेनात, म्हणून दुधाच्या क्रेटवर तळ कापलेल्या लांबट पिशव्या उभ्या केल्या. चाळीस पेरल्या, एकतीस उगवल्या, दोन मांजराने लोळून मोडल्या. एकोणतीस आहेत. काका रोज सकाळी पेपर घेऊन तिथे जातात आणि एखादी पिशवी उचलून खालून बघतात, मूळ बाहेर आलंय का. चष्मा कपाळावर सरकवून, भिंगातून घड्याळ बघावं तसं.

सेक्रेटरी विचारत होते, कार्यक्रम कधी ठेवायचा, पाहुण्यांना आधी सांगावं लागतं. पुढच्या वर्षी जुलैत, असं सांगितलंय. त्याआधी मार्चमध्ये वर हिरवी जाळी ताणावी लागेल. तिची वर्गणी अजून सहा घरांकडून यायची आहे.